वादळाचे जाहीर व्याख्यान : एक तपासणी

‘प्रवेश विनामूल्य, सर्वांना आमंत्रण’ अशी पाटी लावून होणाऱ्या विज्ञानप्रसाराच्या कार्यक्रमांत गेल्या काही वर्षांत एका विषयाची भर पडली आहे. तो म्हणजे वादळ, वीज, गारपीट आणि त्यांपासून बचाव. तालुक्याच्या गावी एखादे सभागृह किंवा शाळेचा मोठा वर्ग मिळतो, पाहुणे येतात, पडद्यावर चित्रे दाखवतात, शेवटी ‘काय करावे, काय करू नये’ असे पत्रक वाटले जाते आणि आभारप्रदर्शन होते. उपक्रम स्तुत्य असतो, त्यामागचा हेतू स्वच्छ असतो आणि त्यासाठी कुणी पैसेही घेत नाही. बहुधा म्हणूनच त्याचे परीक्षण कुणी करीत नाही. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, पाठ्यपुस्तकातील एका धड्यावरही वाद झडतात. व्याख्यान मात्र टाळ्यांवर सुटते.

ग्रहणावरचे व्याख्यान थोडे फसले तर ऐकणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. चंद्राची सावली तिच्या वाटेने जाते. वादळाच्या व्याख्यानाचे तसे नाही. ते ऐकून घरी गेलेला माणूस पुढे केव्हातरी, दोन मिनिटांच्या अवधीत, त्या आधारे कुठे उभे राहायचे हे ठरवणार असतो. म्हणून हे व्याख्यान आणि त्यासोबतचे पत्रक आम्ही येथे जरा कठोरपणे तपासणार आहोत, आणि ऐकणारा श्रोता मूर्तिजापूरचा आहे असे धरून तपासणार आहोत. तपासणीसाठी लागणारे उदाहरण दुर्दैवाने अकोला जिल्ह्यातच घडलेले आहे.

९ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी संध्याकाळी, बाळापूर तालुक्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. अवकाळी वादळी पाऊस सुरू झाला तसे लोक देवळापुढच्या टिनाच्या शेडखाली आले. शेजारचा जुना, प्रचंड कडुनिंब उन्मळून त्या शेडवर कोसळला. सात माणसे मृत्युमुखी पडली, अनेक जखमी झाली. पारस आणि मूर्तिजापूर ही एकाच लोहमार्गावरची गावे आहेत, एक अकोल्याच्या पश्चिमेला, दुसरे पूर्वेला. देवळापुढे शेड आणि शेडशेजारी जुने झाड हे दृश्य दोन्ही तालुक्यांत गावोगाव दिसते.

आता आपल्या पत्रकातील सूचना या प्रसंगावर लावून पाहू. ‘वादळात झाडाखाली थांबू नका.’ ते लोक झाडाखाली थांबले नव्हते, शेडखाली होते. ‘उघड्यावर राहू नका, आडोशाला जा.’ ते आडोशालाच गेले होते. ‘घाबरून पळापळ करू नका.’ तीही कुणी केली नाही. म्हणजे पत्रकाच्या कसोटीने पाहिले तर त्यांचे काहीच चुकले नव्हते. ‘आडोसा’ या शब्दाचा अर्थ मात्र पत्रकाने कुठेच सांगितलेला नसतो, आणि झाड बाजूला असले तरी त्याची उंची आपल्याच दिशेने आडवी होऊ शकते, हेही सांगितलेले नसते. आमचा पहिला आक्षेप आहे तो येथे.

खरे तर ‘वादळ’ या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या संकटांचा विचार एकत्र करतो. एक वारा आणि दुसरी वीज. दोन्ही एकाच ढगातून येतात, पण त्यांपासून बचावाचे नियम सारखे नाहीत. विजेच्या दृष्टीने बंद बसगाडी ही उत्तम जागा आहे; तीच बस वाऱ्यात जुन्या झाडाखाली उभी असेल तर धोक्याची जागा आहे. टिनाचे चारी बाजूंनी उघडे शेड दोन्ही दृष्टींनी निरुपयोगी आहे, तरी पाऊस लागत नाही म्हणून सर्वांत आधी माणसे तेथेच धावतात. वक्ता या दोन संकटांची फोड करीत नाही. मग वीस-पंचवीस सूचनांची एक यादी तयार होते, आणि ‘खिडक्या लावून घ्या’ व ‘शेतातून वेळेवर निघा’ या दोन्ही सूचना सारख्याच ठशात, सारख्याच वजनाने छापल्या जातात. ऐकणाऱ्याला त्यांतली जीव वाचवणारी कोणती हे कळत नाही.

आधी वारा घेऊ. वऱ्हाडात मार्च ते जून या काळात जे वावधन सुटते त्याचा जोर कुठून येतो, हे आठवी-नववीच्या मुलांना सहज समजण्यासारखे आहे. उन्हाने तापलेली जमीन, खालच्या थरात बंगालच्या उपसागराकडून आलेली बाष्पयुक्त हवा आणि त्यावर कोरडी हवा, अशी मांडणी झाली की ढग दुपारनंतर उभाच्या उभा वाढतो. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत येताना बराचसा वाफ होऊन जातो. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो हवेतूनच घेतो. माठाभोवतीची हवा गार होते तशी ही हवाही गार आणि म्हणून जड होते व धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चारी दिशांना पसरते. म्हणूनच पावसाच्या आधी गार झोत अंगावर येतो आणि मागोमाग धुळीची भिंत. तो गार झोत म्हणजे सुखाची झुळूक नव्हे, मिनिटा-दोन मिनिटांची सूचना आहे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक पत्रकांत या खुणेचा उल्लेख नाही, चक्रीवादळाच्या डोळ्याचे चित्र मात्र हमखास असते. मूर्तिजापूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. चक्रीवादळाचा डोळा तेथे कुणी पाहणार नाही.

वाऱ्याच्या दाबाचा हिशेब फळ्यावर करून दाखवावा, असे आम्ही शिक्षकांना सुचवू. दाब हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ११ किलो वजनाइतका जोर लावतो; वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर झाला की तो जोर चौपट, सुमारे ४५ किलो होतो. वीस फूट बाय तीस फुटांच्या टिनाच्या छपराचे क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस मीटर भरते. छपरावर हा दाब पुष्कळदा वर उचलणाऱ्या ओढीच्या रूपाने काम करतो. ५६ गुणिले ४५ म्हणजे अडीच टन. हे छप्पर चार खांबांना कशाने बांधले आहे, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात.

झाडाचा नियम तर भूमितीचाच आहे. झाड कोणत्याही दिशेने पडू शकते, म्हणून त्याच्या उंचीइतकी त्रिज्या घेऊन काढलेले वर्तुळ ही धोक्याची जागा. उंची मोजायला एक काठी आणि ऊन पुरते. काठीची सावली, झाडाची सावली आणि समरूप त्रिकोण. शाळेच्या आवारातील, बसथांब्याजवळील आणि देवळापुढील झाडांची अशी वर्तुळे एका कागदावर काढली आणि कोणते शेड, कोणता पाण्याचा नळ, कोणती सायकल ठेवण्याची जागा वर्तुळात येते हे पाहिले, तर पारसच्या प्रसंगातून काही शिकल्यासारखे होईल. जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती फरशी किंवा सिमेंट पक्के बसवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि खोदकामात तीच मुळे तुटतात, हेही तेथेच दाखवता येते. झाडे तोडा असा याचा अर्थ नव्हे. शेड हलवणे सोपे असते.

आता वीज. येथे व्याख्यानाचे चित्र अधिक मिश्र आहे. ढगात विद्युतभार कसा साठतो हे पुष्कळ वक्ते चांगले सांगतात. बर्फाचे हलके कण आणि गारेचे जड गोळे एकमेकांवर आदळतात, भार विभागला जातो, ढगाच्या खालच्या भागात बहुधा ऋण भार साठतो, तेथून टप्प्याटप्प्याने एक मार्गदर्शक ठिणगी खाली उतरते आणि जमिनीवरील उंच वस्तूंतून तिच्या भेटीला एक ठिणगी वर जाते. भेट झाली की सुमारे ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो. या सगळ्याला टाळ्या मिळतात. मात्र येथून पुढे वक्ता ‘म्हणून उंच वस्तूपासून दूर राहा’ असे म्हणून थांबतो, आणि ऐकणाऱ्याचा समज होतो की वीज म्हणजे वरून डोक्यात पडणारा बाण.

वास्तविक थेट अंगावर वीज पडून होणारे मृत्यू एकूण मृत्यूंच्या मानाने थोडे असतात. अधिक माणसे दगावतात ती दोन प्रकारे. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना बाजूच्या माणसाकडे उडी मारते, आणि जमिनीत शिरलेला प्रवाह मातीतून पसरताना पायांतून शरीरात येतो. हा दुसरा प्रकार सर्वांत मोठा आहे, आणि तोच समजावून सांगणे सर्वांत सोपे आहे. जमिनीत शिरलेला प्रवाह चोहीकडे पसरतो, त्यामुळे पडलेल्या जागेपासून दूर जावे तसा जमिनीचा विद्युतदाब कमी होत जातो. आपला एक पाय जवळ आणि एक पाय दूर असेल तर दोहोंच्या दाबांत फरक पडतो आणि त्या फरकाने प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो.

आकडे घालून पाहू. मातीचा विशिष्ट रोध १०० ओहम-मीटर आणि प्रवाह ३०,००० अँपिअर धरा. झाडापासून १० मीटरवर, झाडाच्या दिशेने ६० सेंटिमीटरची ढांग टाकून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांत सुमारे २,७०० व्होल्टचा फरक पडतो. तोच माणूस पाय जुळवून, दोन पावलांत १० सेंटिमीटर अंतर ठेवून उभा असेल तर फरक पाचशेच्या आत येतो. त्याच जागी बैल असेल आणि त्याच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटर अंतर असेल, तर फरक ६,००० व्होल्टच्या वर जातो, आणि बैलाच्या बाबतीत तो प्रवाह छातीतून वाहतो. झाडाखाली बांधलेली जोडी मरते आणि थोडा दूर असलेला गडी वाचतो, या गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीचा उलगडा येथे होतो. त्यात दैवाचा भाग नाही, पायांतील अंतराचा आहे. झाडापासून अंतर १० ऐवजी २ मीटर घेतले तर माणसाच्या ढांगेतला फरक ५५,००० व्होल्ट भरतो. खारपाणपट्ट्यातील ओली काळी माती प्रवाह अधिक सहज वाहू देते, म्हणून तेथे रोधाचा आकडा लहान घ्यावा लागेल आणि हा फरकही त्या प्रमाणात उतरेल. तरी दोन मीटरवर कुणी उभे राहावे असा तो होत नाही.

पाय जुळवून उकिडवे बसण्याची सूचना याच हिशेबातून आली. ती आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पत्रकात चित्रासह असते आणि मुले ती कवायतीसारखी करून दाखवतात. आम्हांला तिच्याविषयी शंका आहे. हिशेब चुकीचा नाही, पण तिने जो दिलासा मिळतो तो प्रमाणाबाहेर आहे. उकिडवे बसल्याने जमिनीतील प्रवाहाचा धोका घटतो. बाजूची उडी, थेट वीज यांपासून विशेष संरक्षण मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने याच कारणास्तव ही सूचना आपल्या सल्ल्यातून काढून टाकली आणि पक्क्या इमारतीकडे किंवा बंद मोटारीकडे जाण्यावर भर दिला. पळण्याची कोणतीच सोय उरली नसेल तेव्हाचा तो अगदी अखेरचा उपाय आहे. कार्यक्रमात मात्र त्याचेच प्रात्यक्षिक होते, कारण ते व्यासपीठावर दाखवता येते. वेळेवर शेत सोडणे व्यासपीठावर दाखवता येत नाही.

वेळेवर म्हणजे केव्हा? वक्ते येथे तीस सेकंदांचा नियम सांगतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा कमी लागले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब आत जा. आवाजाला किलोमीटरभर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, हे गणित बरोबरच आहे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये, हा नियमाचा उत्तरार्धही योग्य आहे. पण हा नियम ज्याच्या मागे इमारत उभी आहे अशा मैदानावरील खेळाडूला सोयीचा आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील शेतावर तो लावून पाहा. वावर गावापासून दोन किलोमीटर आहे. चालत पंचवीस मिनिटे, तीही वाट सुकी असेल तर. ढग ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकत असेल तर दहा किलोमीटर तो पंधरा मिनिटांत तोडतो. म्हणजे नियम अगदी काटेकोर पाळणारी निंदणाची बाई अर्ध्या वाटेत, उघड्यावर गाठली जाणार. नियम खोटा नाही, परक्या मापाचा आहे. शेतावरच्या माणसाने सेकंद मोजत बसू नये. ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरू लागला की निघावे. असा माथा पन्नास किलोमीटरवरूनही दिसतो, आणि ढग आपल्या दिशेने येत असेल तर त्यात तासाभराची सवड असते. एवढी एक खूण ओळखायला शिकवली तरी दोन तासांचे व्याख्यान सार्थकी लागेल.

समजुतींचे खंडन हा अशा कार्यक्रमांचा लोकप्रिय भाग. पायाळू माणसावर वीज पडते, अंगणात लोखंडी पहार किंवा विळा टाकला की वीज निघून जाते, या समजुतींवर वक्ता दोन विनोद करतो, श्रोते हसतात. हसणाऱ्यांपैकी जो खरोखर पायाळू आहे त्याला लहानपणापासून ढग गडगडला की घरात ओढले गेलेले असते. म्हणजे ती समजूत खोटी असली तरी तिचा परिणाम त्या एकापुरता हिताचाच झाला. वाईट हे, की इतरांना त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे वाटते. हा मुद्दा विनोदाने मांडता येत नाही. उलट, मोबाइलकडे वीज ओढली जाते ही नवी समजूत काही वक्ते स्वतःच पसरवतात. हातातल्या मोबाइलने वीज ओढली जात नाही. उघड्यावर उभे राहून बोलत राहणे हा धोका आहे. तारेने भिंतीला जोडलेली उपकरणे, नळ आणि लोखंडी कुंपण यांची गोष्ट वेगळी, त्यांना वादळात हात लावू नये.

एका समजुतीकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात, आणि ती सर्वांत घातक आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहते, त्याला शिवू नये. छत्तीसगडमध्ये अशा माणसांना गळ्यापर्यंत शेणात पुरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यामागेही अंगातली वीज शेण ओढून घेते हीच कल्पना. अंगात काहीही शिल्लक राहत नाही. बहुतेक वेळा हृदय थांबलेले असते किंवा श्वास थांबलेला असतो, आणि पहिल्या काही मिनिटांत छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहिल्याने माणूस परत येऊ शकतो. अमेरिकेत वीज लागलेल्या दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ वाचतात. उशी किंवा धान्याचे पोते घेऊन हे दाबणे पंधरा मिनिटांत शिकवता येते. ज्या कार्यक्रमात उकिडवे बसण्याचे प्रात्यक्षिक आहे पण छाती दाबण्याचे नाही, त्या कार्यक्रमाने वेळ कशावर खर्चावा हे नीट ठरवलेले नाही, असे आम्ही म्हणू.

कार्यक्रम घेण्याच्या वेळेविषयीही बोलले पाहिजे. असे कार्यक्रम सहसा दिनविशेष पाहून होतात. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन, २३ मार्चचा जागतिक हवामान दिन, १३ ऑक्टोबरचा आपत्ती धोके निवारणाचा दिन. पहिले दोन वऱ्हाडाला सोयीचे आहेत; पण तेव्हा शाळांत परीक्षांची धांदल असते, म्हणून कार्यक्रम ‘पुढे बघू’ वर जातो. एप्रिल-मे वादळाचे, तेव्हा सुट्टी. जूनमध्ये पेरणीची घाई, विजाही सर्वांत जास्त तेव्हाच, आणि विदर्भातल्या शाळा तर उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडतच नाहीत. मग ऑक्टोबरात कार्यक्रम होतो, जेव्हा सोयाबीनच्या काढणीमुळे शेतकरी यायला मोकळा नसतो आणि वर्षातला बहुतेक धोका टळून गेलेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, ती तर यांपैकी कोणत्याच दिनविशेषासाठी थांबली नव्हती.

परदेशातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत राष्ट्रीय हवामान सेवा दरवर्षी वादळी हंगामाच्या आधी गावोगावी मोफत वर्ग घेते. सुमारे दोन तासांचा वर्ग, कुणीही यावे. या योजनेचे नाव स्कायवॉर्न, आणि शिकून तयार झालेल्या निरीक्षकांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक सांगितली जाते. आपल्या व्याख्यानांहून त्याचा मोठा फरक असा, की तेथे श्रोत्याला केवळ वाचवायचे नसते, त्याच्याकडून काम करून घ्यायचे असते. ढगाचा तळ कसा दिसतो, गार केवढी पडली, झाडे कोणत्या दिशेला पडली, हे त्याने कळवायचे. कारण रडारला जमिनीलगतचे दिसत नाही. हे आपल्यालाही लागू आहे. नागपूरचे डॉप्लर रडार मूर्तिजापूरपासून सरळ रेषेत सुमारे १८५ किलोमीटरवर आहे. अर्ध्या अंशाने वर रोखलेला त्याचा झोत पृथ्वीच्या वक्रतेमुळे मूर्तिजापूरवर येईपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो. ढगाचा मधला आणि वरचा भाग त्याला दिसतो. त्याखाली, गावाच्या डोक्यावर काय चालले आहे, हे गावातल्या डोळ्यांनाच दिसते.

मात्र अमेरिकेचे उदाहरण देताना वक्ते एक गफलत करतात. तेथे १९४० च्या दशकात विजेने वर्षाला तीनशे-चारशे माणसे मरत, आता वीस-तीस मरतात; हे लोकजागृतीचे यश म्हणून सांगितले जाते. लोकजागृतीचा वाटा आहे, पण मोठा वाटा शेतावर राबणाऱ्या माणसांची संख्या घटली आणि घरे तारा-नळांची, पक्की झाली, याचा आहे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,८८७ माणसे विजेने दगावली. नैसर्गिक आपत्तींतील मृत्यूंत हा सर्वांत मोठा हिस्सा होता. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि २०१९ च्या ‘फणी’ वादळात चौसष्ट. तेथे सूचना उपयोगी पडली, कारण सूचना ऐकून जायला किनाऱ्यावर पक्के निवारे बांधलेले होते. मूर्तिजापूरच्या वावरात ‘सुरक्षित जागी जा’ हे ऐकणाऱ्याने नेमके कुठे जायचे? या प्रश्नाचे उत्तर वक्त्याने नव्हे, ग्रामपंचायतीने द्यायचे आहे. पण तो प्रश्न सभेत विचारला जाईल अशी व्यवस्था वक्ता करू शकतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप अशा कार्यक्रमांत आता हमखास दाखवतात. आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात नुकत्याच कुठे विजा पडल्या ते त्यात दिसते. ते चांगले साधन आहे आणि चाळीस किलोमीटरचे वर्तुळ वर सांगितलेली तासाभराची सवड देऊ शकते. पण त्यासाठी चालू मोबाइल, इंटरनेट आणि मोबाइलकडे पाहणारा माणूस लागतो. निंदणाला गेलेल्या दहा बायांत मोबाइल किती जणींकडे असतो, हे वक्त्याने सभेतच हात वर करायला सांगून मोजावे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : गावात बसून ‘दामिनी’ पाहणाऱ्याने वावरातल्यांना कसे कळवायचे? देवळावरचा भोंगा, शाळेची घंटा, वाऱ्याची दिशा, किती लांब ऐकू जाते. विज्ञानाचा खरा तास येथे सुरू होतो.

प्रश्न विचारून लोकांकडून उत्तर काढून घेण्याची रीत मूर्तिजापूरला कुणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. गाडगे महाराजांचे बालपण याच तालुक्यातील दापुऱ्याला, मामाच्या घरी, शेतात आणि गुरांमागे गेले. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांवर चाले. ते लोकांना विचारीत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपल्याच बोलण्यातली विसंगती लोकांना दिसे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाला श्रोत्यांकडून काय काढून घ्यायचे हे बरोबर ठाऊक होते. आमच्या पदवीधर व्याख्यात्यांपैकी बहुतेक जण ‘काही शंका असल्यास विचारा’ हे वाक्य शेवटच्या पाच मिनिटांत उच्चारतात, तेव्हा चहा आलेला असतो.

मूर्तिजापुरात कुणी असा कार्यक्रम घेणार असेल, तर तो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, बाजाराच्या दिवशी, सायंकाळी घ्यावा. पडद्यावर वीज दाखवण्याआधी गावाचा नकाशा लावावा आणि पक्की घरे, शाळा, उघडी शेडे, जुनी झाडे, शेतांच्या वाटा त्यावर श्रोत्यांकडूनच भरून घ्याव्यात. एस. टी. ची बस कोणत्या वाटेवर केव्हा असते हेही भरावे. धातूच्या बंद पेटीच्या आत वीज शिरत नाही हे फॅरडेने १८३६ मध्ये दाखवले, तो प्रयोग आपल्या रस्त्यांवरून दिवसातून अनेकदा जातो. ऑटोरिक्षा, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांत तो प्रयोग होत नाही, हे मुलांना लगेच पटते. ज्या शिवारात पंधरा मिनिटांच्या आत एकही खूण सापडत नाही, तो भाग लाल पेन्सिलीने रंगवावा आणि तो कागद ग्रामपंचायतीत लावावा.

आणि शाळेने एक वही ठेवावी. गडगडाट पहिल्यांदा ऐकला ती वेळ, वारा कोणत्या दिशेने आला, गार झोत आणि पाऊस यांत किती मिनिटे गेली, गारा बोराएवढ्या होत्या की लिंबाएवढ्या, आणि शक्य असेल तर पट्टीने मोजून किती मिलिमीटर. सुट्टीत ही वही शाळेत कुलूपबंद राहू नये, शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांकडे पाळीने द्यावी, कारण तिच्यातली निम्मी पाने एप्रिल-मे मध्येच भरायची आहेत.